उन्हाचा शेवटचा हात

दिवाळीआधी आमच्या सोसायटीला बाहेरून रंग द्यायचं ठरलं. परांची बांधण्याआधी पेंटर भिंती बघायला आला. पश्चिमेच्या भिंतीवरून त्याने हात फिरवला आणि तळवा माझ्यासमोर धरला. पिठाच्या डब्यात हात घातल्यासारखा पांढरा. मग मला उत्तरेच्या भिंतीपाशी नेलं आणि तिथे तसाच हात फिरवला. तिथे तळव्याला जवळपास काहीच लागलं नाही.

"काका, रंग एकच, डबा एकच, वर्ष एकच," तो म्हणाला. "ही बाजू उन्हाने खाल्ली."

मी शहाडला राहतो. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीतलं पहिलं स्टेशन. इथे भिंतीपेक्षा पाण्याविषयी बोलायला माणसं जास्त सापडतात. तरीही हा लेख मी भिंतीपासून सुरू करतो आहे, कारण ऊन त्या भिंतीवर जे करतं तेच घाण पाण्यात करून घेता येईल का, ह्या प्रश्नाच्या मागे जगभरच्या प्रयोगशाळा गेली पन्नास वर्षं लागल्या आहेत. त्यातली एक माटुंग्याला आहे, दुसरी पुण्याला. आणि ज्या पाण्यासाठी हे सगळं चाललं आहे, तसलं पाणी आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर वाहतं.

० ० ०

पेंटरचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. रंग ऊन एकटं खात नाही, त्याला रंगाच्या डब्यातूनच एक साथीदार मिळतो. पांढऱ्या आणि फिक्या रंगांना जो झाकणारा दाटपणा येतो तो टायटॅनियम डायऑक्साइड नावाच्या पांढऱ्याशुभ्र भुकटीमुळे. हीच भुकटी टूथपेस्टमध्ये असते, उन्हात लावायच्या क्रीममध्ये असते, कागदात असते. स्वतः ती पाण्यात विरघळत नाही, कुजत नाही. पण तिच्यावर अतिनील किरण पडले की तिच्या पृष्ठभागावर एक उपद्व्याप सुरू होतो. ज्या चिकट पदार्थाने रंग भिंतीला धरून ठेवलेला असतो, त्यालाच ती हळूहळू जाळते. बांधणारा गेला की भुकटी मोकळी होते आणि टेकणाऱ्याच्या शर्टावर येते. रंग बनवणाऱ्यांना ही खोड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लक्षात आली होती. म्हणून बाहेरच्या रंगासाठी ते ह्या पदार्थाचा रुटाइल हा त्यातल्या त्यात शांत प्रकार घेतात आणि त्याच्या कणाकणाला सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचं पातळ आवरण चढवतात. तेवढ्याने खोड मंदावते, पण मोडत नाही.

ह्या खोडीचा गुण झाला जपानमध्ये. 1967 साली टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हा तरुण विद्यार्थी केनिची होंडा ह्यांच्या हाताखाली काम करत होता. टायटॅनियम डायऑक्साइडचा एक स्फटिक आणि प्लॅटिनमचा एक तुकडा तारेने जोडून त्याने पाण्यात ठेवला आणि स्फटिकावर प्रखर दिव्याचा झोत टाकला. दोन्ही टोकांवर बुडबुडे आले, एकीकडे ऑक्सिजन आणि दुसरीकडे हायड्रोजन. नुसत्या प्रकाशाने पाणी फुटत होतं. थोरामोठ्यांनी आधी विश्वास ठेवला नाही. 1972 साली फुजिशिमा आणि होंडा ह्यांचा दीडेक पानी लेख 'नेचर'मध्ये आला. पुढच्याच वर्षी जगात तेलाच्या भावांचा भडका उडाला आणि 1974 च्या पहिल्या दिवशी जपानच्या 'असाही शिम्बुन'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

पाण्यातून इंधन काढण्याचं ते स्वप्न रेंगाळलं. पण 1970 च्या दशकातच काही रसायनशास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा फिरवला. पाणी फोडण्याऐवजी पाण्यातली घाण फोडता येईल का? 1976 साली पीसीबी नावाच्या अत्यंत चिवट क्लोरिनयुक्त विषावर आणि 1977 साली सायनाइडवर हा प्रयोग यशस्वी झाला. तिथून 'प्रकाश-उत्प्रेरण' ही शाखा उभी राहिली. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता दुसऱ्यांची रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. हा जो उत्प्रेरक आहे तो उजेड पडल्याशिवाय हलत नाही.

आत काय घडतं ते असं. प्रकाशाचा पुरेसा जोरकस कण भुकटीच्या कणावर आदळला की एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या मजल्यावर जातो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे पोकळी, उरते. हा वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला पकडतो. खालची पोकळी पाण्याच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावते आणि त्या झटापटीत हायड्रॉक्सिल मुलक तयार होतो. हा मुलक म्हणजे विलक्षण भुकेला तुकडा. त्याचं आयुष्य सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशाइतकं, पण तेवढ्यात समोर येईल त्या कार्बनी रेणूचा लचका तो तोडतो. क्लोरिन आणि ओझोन दोघांपेक्षाही त्याची जाळण्याची ताकद मोठी. असे लचके तुटत गेले तर शेवटी गुंतागुंतीच्या विषारी रेणूचे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतात. गाळ उरत नाही. बाकीच्या बऱ्याच शुद्धीकरणात घाण पाण्यातून काढून गाळात किंवा कोळशात साठवली जाते, म्हणजे ती फक्त घर बदलते. इथे ती खरोखर संपते, म्हणूनच ह्या पद्धतीचं एवढं आकर्षण.

० ० ०

आता आमच्या पाण्याकडे येऊ.

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांतून उतरते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करत आमच्याकडे येते. एकूण लांबी 122 किलोमीटर. पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या नद्या जशा आटतात तशी हीही आटली असती. पण तिला वरून आधार आहे. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी डोंगर पोखरून घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात पडतं, टाटांच्या ह्या वीजघराला 1922 पासून शंभर वर्षं उलटून गेली. चक्र फिरवून मोकळं झालेलं ते पाणी उल्हासमध्ये येतं. बारवी धरणाचं पाणीही ह्याच नदीला मिळतं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये शहाडच्या पुलाखालून जे पाणी जातं, ते बऱ्याच अंशी मुंबईत कुठेतरी दिवा लावून आलेलं पाणी असतं.

हे पाणी पुन्हा उचललं जातं तेही इथेच. ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला पाणी देणाऱ्या कंपनीला सगळे 'स्टेम' म्हणतात. त्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर शहाडचं आणि उरलेली टेमघरची. शहाडला नदीतून पाणी उचलायचं, भिवंडीजवळच्या टेमघरला शुद्ध करायचं आणि पुढे शहरांना पाठवायचं, अशी ती योजना. मीरा रोडला चौदाव्या मजल्यावर नळ उघडणाऱ्याला शहाड हे कसारा लोकलचं एक न थांबण्यासारखं स्टेशन वाटत असेल, पण त्याचा चहा इथल्या पाण्याचा असू शकतो. पलीकडे मोहने-मोहिलीला कल्याण-डोंबिवली महापालिका पाणी उचलते.

आणि त्याच टापूत उद्योग आहेत. शहाडची ओळख बाहेरच्यांना दोन गोष्टींवरून असते, बिर्लांनी बांधलेलं विठ्ठलमंदिर आणि सेंच्युरी रेयॉनचा कारखाना. लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा चमकदार धागा काढायची ही विद्या 1950 च्या दशकात शहाडला आली आणि गाव तिच्याभोवती वाढलं. पलीकडे आंबिवली-मोहन्याला एनआरसी हा दुसरा रेयॉन कारखाना होता, तो 2009 मध्ये बंद पडला. मागच्या अंगाला उल्हासनगर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीला 1949 मध्ये हे नाव मिळालं, ह्याच नदीवरून. त्या छावणीने पुढे देशाला जीन्स पुरवली.

उल्हासनगरच्या पोटातून वालधुनी जाते. अंबरनाथच्या दक्षिणेला काकोळ्याच्या डोंगरात उगवणारी ही नदी, जेमतेम तीस किलोमीटरची. 1060 सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून ती येते. नऊशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी ज्यांनी तिच्या काठी दगडातून नर्तकी आणि देवता कोरल्या, त्यांनी जागा निवडताना पाणी बघूनच निवडली असणार. आता तिला नदी म्हणणारे बहुधा कार्यकर्ते, वकील आणि न्यायाधीश. बाकी सगळे नाला म्हणतात. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस एका पहाटे ह्या पाण्यात टँकरमधून बेकायदा रसायन सोडलं गेलं आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना मळमळ, चक्कर, श्वास कोंडणं अशा त्रासाने दवाखान्यात न्यावं लागलं. त्यातून निघालेला वायू होता हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास असलेला. त्याच वर्षी जानेवारीत डोंबिवलीकरांनी हिरवा पाऊस पाहिला होता. फेब्रुवारी 2020 मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्र्यांना तो बघायला यावं लागलं. आमच्या पट्ट्यात प्रदूषण असं रंग घेऊन येतं, म्हणून ते वर्तमानपत्रात छान दिसतं. जे रंगहीन असतं त्याचा फोटो निघत नाही.

'वनशक्ती' ह्या संस्थेने उल्हास आणि वालधुनीसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. 2015 मध्ये लवादाने सामायिक सांडपाणी केंद्रं आणि स्थानिक संस्था मिळून सुमारे 95 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. उल्हासनगरचे बरेच जीन्स धुलाईचे कारखाने बंद झाले, काही आसपासच्या गावांकडे सरकले. उल्हासनगरातून उल्हास नदीत उतरणारा खेमाणी नाला वळवायचं काम हाती घ्यावं लागलं, कारण ज्या नदीतून प्यायचं पाणी उचलायचं त्याच नदीत तो येत होता. उन्हाळ्यात मोहन्याच्या बाजूला नदीवर जलपर्णीची हिरवी चादर पसरते, तेव्हा ती दिसायला शेतासारखी असते. शेताला खत लागतं, आणि हे खत म्हणजे वरच्या गावांचं सांडपाणी.

० ० ०

रंगाचं पाणी साफ करायला इतकं अवघड का, ह्याचं उत्तर दुकानदाराच्या एका वाक्यात आहे, "ताई, पक्का रंग आहे, जाणार नाही." रंगाचा रसायनशास्त्रज्ञ आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी झटतो. रंग उन्हात विटू नये, साबणाने निघू नये, घामाने फिटू नये. तो यशस्वी झाला की जो रेणू तयार होतो, त्याला सांडपाण्याच्या टाकीतले जीवाणूही पचवू शकत नाहीत. कपड्यावरचा गुण नाल्यात गेल्यावर दोष होतो. सांडपाणी केंद्रातले जीवाणू साखर, साबण, मैला खातात आणि पक्क्या रंगापाशी येऊन थांबतात. तिथे हायड्रॉक्सिल मुलक कामाला येऊ शकतो, कारण त्याला आवडनिवड नाही.

माटुंग्याच्या संस्थेत ह्या प्रश्नावर पद्धतशीर काम झालं. 1933 साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था, जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटी, आजची आयसीटी. कापडगिरण्यांच्या शहराला रंगारी आणि रसायनतज्ज्ञ हवे होते म्हणून ती निघाली. त्याच संस्थेत प्रा. पांगारकर आणि प्रा. सावंत ह्यांच्या मार्गदर्शनाखाली भातखंडे, कांबळे आदी संशोधकांनी ह्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत नायट्रोबेंझिन, बेंझिनसल्फोनिक आम्ल अशी रंग आणि औषधांच्या कारखान्यांतून येणारी चिवट द्रव्यं टायटॅनियम डायऑक्साइडवर जाळून पाहिली. कधी अतिनील दिव्याखाली, कधी आरशांनी एकवटलेल्या मुंबईच्या उन्हात. भातखंडे, पांगारकर आणि नेदरलँड्सचे बीनॅकर्स ह्यांचा 2002 सालचा आढावा ह्या विषयात जगभर वाचला जातो. संस्थेतलेच पराग गोगटे आणि अनिरुद्ध पंडित ह्यांनी 2004 मध्ये प्रकाश, ओझोन, बुडबुडे फोडून निर्माण होणारी ऊर्जा अशा सगळ्या जाळणाऱ्या तंत्रांची एकत्र तुलना मांडली.

ह्यातला मूळ प्रयोग आता कुठल्याही चांगल्या कॉलेजच्या एम.एस्सी.च्या वर्गात होतो. तो जवळून बघण्यासारखा आहे. काचेच्या चंचुपात्रात शंभर मिलिलिटर पाणी. त्यात मिथिलिन ब्लू नावाच्या निळ्या रंगाचा एकच मिलिग्रॅम. एवढ्यानेही पाणी शाईच्या दौतीसारखं दिसतं. त्यात चिमूटभर पांढरी भुकटी घालायची आणि तळाशी चुंबकाची कांडी फिरत ठेवायची. पाणी दुधाळ निळं होतं, पातळ ताकात नीळ पडल्यासारखं. आता दिवा लावायची घाई करायची नाही. आधी अर्धा तास अंधारात ठेवायचं, कारण थोडा रंग भुकटीला नुसताच चिकटतो आणि तो 'साफ झाला' म्हणून मोजला तर स्वतःचीच फसवणूक. मग अतिनील दिवा. दर दहा मिनिटांनी थोडं पाणी काढायचं, भुकटी खाली बसवायची आणि उरलेली निळाई यंत्रावर मोजायची. नळ्या ओळीने लावल्या की डावीकडे गर्द निळी, मग आकाशी, मग आभाळ ढगाळ असतानाचा निळा, आणि उजवीकडे साधं पाणी. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही जादू वाटते.

तिथेच सावध व्हायला हवं. रंग उडाला म्हणजे विष गेलं असं नाही. मिथिलिन ब्लू नुसता रूप बदलूनही रंगहीन होतो, आणि हवा लागली की पुन्हा निळा होऊ शकतो. कापडाच्या कित्येक रंगांत दोन नायट्रोजनचा एक सांधा असतो, रंग त्या सांध्यामुळे दिसतो. सांधा तुटला की रंग जातो, पण दोन्ही बाजूंचे तुकडे शाबूत असतात. त्यातले काही अमाइन मूळ रंगापेक्षा घातक. म्हणून जाणते लोक नळ्यांचा फोटो बघून खूश होत नाहीत. पाण्यात जाळण्याजोगं एकूण किती उरलं, म्हणजे सीओडी किती आणि कार्बन किती, ते विचारतात. गुलाबी रस्ता पांढरा झाला म्हणून प्रश्न सुटत नसतो, तसंच हे.

० ० ०

प्रयोगशाळेतून नाल्यावर यायचं तर हिशेब करावा लागतो. मी तो कागदावर मांडला. तुम्हीही पडताळून बघा.

टायटॅनियम डायऑक्साइडचा ह्या कामात चपळ असलेला प्रकार अनाटेज. त्याला जाग यायला 388 नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीचे, म्हणजे अतिनील किरण लागतात. सूर्यप्रकाशात ते जेमतेम चार-पाच टक्के. भर दुपारच्या उन्हात चौरस मीटरला हजार वॉट पडत असतील तर त्यातले चाळीस-पन्नास वॉट कामाचे. चाळीस धरू आणि दिवसाचे पाच तास चांगलं ऊन धरू. त्या चौरस मीटरखाली दहा सेंटिमीटर पाणी असेल तर ते झालं 100 लिटर. ह्या किरणांतला एकूण एक कण सत्कारणी लागला, तरी दिवसभरात ह्या 100 लिटरमधली साधारण साडेसतरा ग्रॅम ऑक्सिजनच्या तोलाची घाण जळेल. म्हणजे लिटरला सुमारे 175 मिलिग्रॅम सीओडी. हे झालं स्वर्गातलं गणित. प्रत्यक्षात वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि खालची पोकळी ह्यांची जोडी फुटते न फुटते तोच बहुतेकदा पुन्हा जुळते आणि प्रकाश उष्णता होऊन वाया जातो. शंभर कणांतले दोन कामी आले तर लिटरला साडेतीन मिलिग्रॅम.

आणि नाल्यात काय असतं? नदीत सोडायच्या पाण्याला सीओडीची मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. प्रक्रिया न केलेलं रंगाई-धुलाईचं पाणी हजाराच्या पुढे सहज जातं. हजारातून साडेतीन वजा केल्याने नाल्याला काही कळणार नाही. जागेचा हिशेब वेगळाच. दहा सेंटिमीटर खोलीने दहा लाख लिटर पाणी पसरायला एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर मोकळी जमीन हवी. उल्हासनगरात अडीच एकर मोकळी जमीन दाखवणाऱ्याचा सत्कार करावा लागेल.

शिवाय नाल्याचं पाणी चंचुपात्रातल्यासारखं सरळ नसतं. गडद रंगाचं पाणी स्वतःच छत्री उघडून बसतं, प्रकाश वरच्या बोटभर थरात अडकतो आणि खाली अंधार. जीन्सच्या धुलाईत मीठ, सोडा, साबण सगळं असतं. त्यातले क्लोराइड आणि कार्बोनेट मुलकाला वाटेतच गाठून थंड करतात. माटुंग्याच्या संशोधकांनी अशा क्षारांचा परिणाम मुद्दाम तपासला तो ह्यासाठीच. जस्त, क्रोमियम असे धातू तर जळतच नाहीत, मूलद्रव्याला कुठला मुलक खाणार? फार तर क्रोमियमचं जास्त विषारी रूप कमी विषारी करता येतं. भुकटी इतकी बारीक की वापरून झाल्यावर पाण्यातून परत काढणं हेच एक काम. काचेवर किंवा फरशीवर बसवली तर वाहून जात नाही, पण तिचा पृष्ठभाग घटतो आणि वेग पडतो. सूर्य सोडून अतिनील दिवे लावले तर विजेचं बिल येतं. आणि जून ते सप्टेंबर कोकणात ऊन मागायचं कुणाकडे?

हा हिशेब मांडून झाल्यावर थोडं वाईट वाटलं. मग लक्षात आलं की चूक तंत्राची नाही, आपण त्याला दिलेल्या कामाची आहे. साडेतीन मिलिग्रॅम ही संख्या नाल्यासाठी हास्यास्पद आहे, पण औषधांचे अंश, कीटकनाशकं, संप्रेरकं, रंगाचे शेवटचे हट्टी रेणू पाण्यात असतात ते लिटरला मिलिग्रॅमच्या आणि त्याच्याही हजाराव्या भागाच्या मापात. तिथे सूर्य पुरून उरतो. हे चिमूटभर विष जीवाणूंना पचत नाही, गाळणीत अडकत नाही, आणि प्यायच्या पाण्यापर्यंत पोचू शकतं. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या वाळवंटी भागात सौर ऊर्जेचं मोठं संशोधन केंद्र आहे. आसपास मैलोन्‌मैल प्लास्टिकची हरितगृहं. कीटकनाशकांचे रिकामे डबे धुतलेलं पाणी उन्हाने आणि उत्प्रेरकाने साफ करण्याचं काम त्या भागात झालं, आरशांच्या पन्हळींमध्ये काचेच्या नळ्या बसवून. पाणी थोडं, विष ठरावीक, ऊन भरपूर. कामाला साजेसं हत्यार.

० ० ०

सूर्यप्रकाशातल्या पाच टक्क्यांवर समाधान मानायचं नाही म्हणून दुसरीकडे शोध चालला आहे तो दिसणाऱ्या प्रकाशावर चालणाऱ्या उत्प्रेरकांचा. पुण्यात पाषाणला सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर काम करणारी केंद्र सरकारी संस्था आहे. तिथल्या भारत काळे ह्यांनी कोरियातल्या सहकाऱ्यांबरोबर 2006 मध्ये कॅडमियम इंडियम सल्फाइडच्या अतिसूक्ष्म रचना प्रसिद्ध केल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाकळ्यांवर पाकळ्या अशा दिसल्या आणि शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांना नाव मिळालं, मेरीगोल्ड. आपला झेंडू. दसऱ्याला दारावर लावतो तो.

ह्या झेंडूने दिसणाऱ्या प्रकाशात काय केलं? हायड्रोजन सल्फाइड फोडून त्यातून हायड्रोजन काढला. तोच वायू, ज्याने 2014 च्या त्या पहाटे वालधुनीकाठची माणसं दवाखान्यात पाठवली. तेलशुद्धीकरणात तो निघतो, व्हिस्कोस म्हणजे रेयॉनचा धागा बनवतानाही निघतो, कारण त्या प्रक्रियेत कार्बन डायसल्फाइड लागतो. विषातून इंधन, तेही उजेडाने. हे वाचलं तेव्हा मला शहाडचा भूगोल एका वाक्यात वाचल्यासारखा वाटला. पण झेंडूच्या पाकळीत कॅडमियम आहे हे विसरून चालत नाही. ही फुलं नदीत सोडायची नसतात. बंद पात्रात, कारखान्याच्या आत, वायू बाहेर पडण्याआधी त्यांनी काम करायचं. जागा चुकली तर औषधही घाण होतं.

माझ्या मते ह्या विषयातून शहाडने घ्यायची गोष्ट हीच, जागेची. नाल्यात सगळं एकत्र होण्याआधी प्रत्येक पाणी वेगळं असतं. रंगाच्या पिंपाचं पाणी, कपडा खळबळलेलं पाणी, संडासाचं पाणी, भांड्यांचं पाणी. वेगळं असताना प्रत्येकाचा इलाज ठाऊक आहे, त्यातले बरेच शंभर वर्षं जुने आणि स्वस्त आहेत. गाळ बसवणं, जीवाणूंना हवा देणं, वाळूतून गाळणं. रंगाचं थोडंसं दाट पाणी कारखान्यातच अडवलं, बाकीच्यावर जीवाणूंचा संस्कार झाला, आणि मग जे चिवट उरलं ते पातळ थराने उन्हापुढे ठेवलं तर उजेडाचा उपयोग होतो. एकत्र झाल्यावर वालधुनीत जे वाहतं, त्याला रसायनशास्त्रात वेगळं नाव नाही, इलाजही नाही. प्रकाश-उत्प्रेरकाच्या नावाने एखादी योजना उद्या कुणी आणली, तर फीत कापण्याआधी एवढं विचारावं की ह्याच्या आधीच्या पायऱ्या कुठे आहेत.

सोसायटीच्या भिंतीचं काम तीन आठवडे चाललं. पेंटरने सगळ्यात आधी खरवडलं. मग पॉलिश पेपर, मग भेगांत लांबी, मग प्रायमर. पश्चिमेची भिंत झाली, पण पूर्वेला जिन्याशेजारच्या पट्ट्यावर तो हात चालवेना. सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा त्याने भिंतीला तळवा लावला आणि काढून दाखवला. तळवा ओला होता.

"आत पाइप गळतोय, साहेब. आधी तो बघा. शेवटचा हात मी एका दिवसात मारून देतो."

ही दिवाळी आली तरी तो पट्टा तसाच आहे. पाइप कोणाच्या फ्लॅटचा, ह्यावर मीटिंग चालू आहे.